जंताचं चक्र कुठे तोडायचं: शेळी, रेडकू आणि कुत्र्याचं पिल्लू

दुसऱ्या वेताची उस्मानाबादी शेळी होती. आदल्या संध्याकाळी कळपामागे रेंगाळत घरी आली आणि सकाळी गोठ्यात पाय ताणून पडलेली दिसली. ऑगस्ट महिना, रान हिरवंगार, चाऱ्याची ददात नाही. हगवणही नव्हती, लेंड्या गोल आणि घट्ट होत्या. जबड्याखाली मात्र लिंबाएवढी मऊ सूज आली होती. काटा टोचला असेल म्हणून आम्ही ती दोन दिवस तशीच सोडून दिली होती.

डॉक्टरांनी बांधावरच तिचं पोट उघडलं. चौथ्या कप्प्याच्या, म्हणजे खऱ्या जठराच्या आतल्या अस्तरावर बारीक लालसर धागे वळवळत होते. एकेक धागा दोन-अडीच सेंटिमीटरचा, लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा पीळ घातल्यासारखा. बाकी मांस पांढरं फटक, रक्त पाण्यासारखं पातळ. महिन्याभरापूर्वीच आम्ही अख्ख्या कळपाला जंताचं औषध पाजलं होतं, सगळ्यांना एकाच मापानं. तेव्हापासून मी औषधाच्या बाटलीआधी जंताचं आयुष्य समजून घ्यायला लागलो. जंत कुठे जन्मतो, कुठे वाट पाहतो आणि जनावराच्या अंगात कधी शिरतो हे कळलं, की औषध कधी, कुणाला आणि किती द्यायचं हे बरंचसं आपोआप कळतं. शेळीचा, म्हशीच्या रेडकाचा आणि कुत्र्याच्या पिल्लाचा जंत, तिघेही गोलकृमीच आहेत, पण तिघांचं चक्र तुटतं तीन वेगळ्या जागी.

शेळीच्या पोटातला लाल-पांढरा धागा

या जंताचं नाव हिमॉन्कस. मेंढ्या आणि शेळ्यांचा हा सगळ्यात घातक गोलकृमी. मादीच्या अंगात रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि अंड्यांची पांढरी नळी एकमेकींभोवती गुंडाळलेली असतात, म्हणून तो पीळ दिसतो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलीलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण १,००० जंत असले तर रोजचं ५० मिलीलिटर झालं. २५ किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्त दीड-पावणेदोन लिटर असतं. त्यातून ही रोजची गळती किती दिवस भरून निघणार?

मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की दिवसाभरात अंड्यातून अळी निघते, लेंडीतले जिवाणू खाऊन दोनदा कात टाकायच्या अवस्थेतून जाते आणि चार ते सहा दिवसांत तिसऱ्या अवस्थेला पोचते. शेळीला लागण करते ती फक्त ही तिसरी अवस्था. दुसऱ्या अवस्थेची कात ती अंगावर तशीच ठेवते. त्या आवरणामुळे तिचं संरक्षण होतं, पण तोंड बंद असल्यामुळे तिला काही खाता येत नाही. अंगातल्या शिदोरीवर ती जगते. गवतावर पाण्याची पातळ फिल्म असली की वर चढते, मात्र बहुतेक अळ्या बुडापासून पाच-सात सेंटिमीटरच्या आतच राहतात. शेळीनं ते गवत खाल्लं की अळी जठरात उतरते, कात टाकते, अस्तरात घुसते आणि १८ ते २१ दिवसांत नवी मादी अंडी घालू लागते.

म्हणजे अंड्यापासून अंड्यापर्यंतचं पूर्ण चक्र पावसाळ्यात साडेतीन-चार आठवड्यांत फिरतं. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडला की जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे धोक्याचे महिने का असतात, ते या हिशेबात आहे.

मग मार्च ते मे, रान करपलेलं असताना हा जंत जातो कुठे? गवतावरच्या अळ्या उन्हानं मरतात, पण शेळीच्या पोटातल्या काही अळ्या चौथ्या अवस्थेत वाढ थांबवून जठराच्या अस्तरात निपचित पडून राहतात. पावसाळा तोंडावर आला, किंवा शेळी व्यायला आली, की त्या जाग्या होतात. व्यायच्या आधी साधारण दोन आठवडे आणि नंतर सहा-आठ आठवडे शेळीची प्रतिकारशक्ती ढिली पडते, तेव्हा तिच्या लेंडीतली अंडी एकदम वाढतात. त्याच वेळी तिची करडं पहिल्यांदा गवताला तोंड लावत असतात. आईची लेंडी आणि करडाचं तोंड एकाच वाफ्यात येतात, हा या चक्रातला सगळ्यात वाईट योग.

पहिलं काम: खालची पापणी बघायला शिका

हिमॉन्कसमुळे हगवण सहसा लागत नाही, म्हणून लेंडी बघून निर्धास्त राहू नका. हा रक्त पिणारा जंत आहे, त्यामुळे खूण रक्तातच शोधायची. दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या दशकात यासाठी एक साधा तक्ता तयार झाला, त्याला फामाचा म्हणतात. डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतला रंग पाच पायऱ्यांत मोजायचा: १ म्हणजे लालभडक, २ लालसर गुलाबी, ३ गुलाबी, ४ फिकट गुलाबी-पांढरा, ५ कागदासारखा पांढरा. पाचव्या पायरीला शेळीच्या रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण १२ टक्के किंवा त्याहून खाली गेलेलं असतं. पहिल्या पायरीला ते २८ किंवा जास्त असतं.

बघायची पद्धत अशी. शेळीला उजेडात आणा, गोठ्याच्या अंधारात नको. एका अंगठ्यानं वरची पापणी खाली ओढून डोळा झाका. पापणीवरूनच डोळ्याला हलका दाब द्या. दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढा, की आतलं ओलसर अस्तर आपोआप वर येतं. बुबुळाच्या कडेचा किंवा पापणीच्या बाहेरचा रंग बघायचा नाही, फक्त त्या अस्तराचा. एका-दोन सेकंदांत रंग ठरवा, जास्त वेळ ओढून धरलं की तो बदलतो. दोन्ही डोळे बघा आणि जो जास्त फिका, तो आकडा लिहा. छापील तक्ता पशुवैद्यकाकडून मिळवा, कारण मोबाइलच्या पडद्यावरचे रंग फसवतात. तक्ता हाती येईपर्यंत निदान आपल्या कळपातल्या सगळ्यात निरोगी शेळीशी तुलना करून बघा.

पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करा, अतिपावसाच्या पट्ट्यात आठवड्यानं. ४० शेळ्यांना सरावानं अर्धा तास पुरतो. वहीत कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि आकडा लिहायचा, बस. दोन-तीन महिन्यांत एक गोष्ट तुमच्याच लक्षात येईल: कळपातल्या थोड्याच शेळ्या वारंवार फिक्या पडतात आणि बहुतेक कधीच पडत नाहीत. जंत कळपात सारखे वाटलेले नसतात. थोड्या जनावरांच्या पोटात बहुसंख्य जंत असतात आणि तीच कुरण घाण करतात. सतत फिकी पडणारी शेळी पैदाशीतून काढा, तिचा बोकड तर ठेवूच नका. जंत सोसण्याची ताकद काही अंशी आनुवंशिक असते.

जबड्याखाली पाणी साचलं असेल तर थांबू नका. रक्तातली प्रथिनं घटली की तिथे पाणी उतरतं. चरताना मान खाली असते म्हणून संध्याकाळी सूज मोठी दिसते, सकाळी उतरलेली वाटते. उतरली म्हणजे बरी झाली, असं मुळीच नाही. आमचा घात तिथेच झाला.

एक इशारा. फिकेपणा फक्त या जंतामुळेच येतो असं नाही. गोचीड, उवा, रक्तातले गोचीडताप आणि यकृतातला पानासारखा चपटा कृमी यांमुळेही पापणी पांढरी पडते. कोकणात, किंवा धरण-कालव्याच्या कडेला गोगलगायी असलेल्या ओलाव्यात शेळ्या चरत असतील, तर यकृत कृमीची शंका आधी घ्या. त्याचं औषध आणि त्याची तपासणी दोन्ही वेगळी आहेत.

औषध: कुणाला आणि किती

४ आणि ५ आकड्याच्या शेळ्यांना औषध द्यायचंच. ३ आकड्याच्या गाभण, दुभत्या शेळ्यांना आणि करडांनाही द्या. लालभडक पापणीच्या, अंगानं भरलेल्या शेळ्यांना देऊ नका. ही गोष्ट गावात सांगितली की लोक बिचकतात. 'औषध आणलंच आहे तर सगळ्यांना पाजू' हा विचार स्वाभाविक आहे, पण इथे तो नुकसान करतो. औषधानं साधे जंत मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. औषध न दिलेल्या शेळ्यांच्या पोटात आणि कुरणावर साधे जंत शिल्लक असतील, तर त्या उरलेल्यांची पैदास साध्यांमध्ये मिसळून पातळ होते. सगळ्यांनाच पाजलं तर पुढच्या पिढीचे आईबाप फक्त औषध पचवणारेच असतात.

म्हणूनच मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर सरसकट औषध पाजायच्या सल्ल्यात मी एक दुरुस्ती करतो. मेमध्ये कुरणावर अळी जवळपास नसते. त्या वेळी सगळ्या कळपाला औषध दिलं, तर जूनच्या पावसात कुरणावर पेरले जाणारे जंत हे औषधातून वाचलेलेच असतील. औषध द्या, पण कळपातल्या सगळ्यात धडधाकट १०-२० टक्के शेळ्या सोडून.

ही भीती कागदावरची नाही. थायाबेंडाझोल हे आल्बेंडाझोलच्या गटातलं पहिलं मोठं औषध १९६१ साली आलं आणि १९६४ मध्येच अमेरिकेतल्या केंटकीत हिमॉन्कस त्याला दाद देईनासा झाला. आयव्हरमेक्टिन जपानमधल्या इतो गावाजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. त्यामागच्या कामासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५चं नोबेल मिळालं. ते औषध १९८१ला बाजारात आलं आणि दशकभराच्या आत दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांचे जंत त्याला पुरून उरले.

आता डोस. शेळीला मेंढीच्या मापानं औषध द्यायचं नाही. शेळीचं यकृत ही औषधं वेगानं मोडतं, त्यामुळे तिला बहुतेक जंतनाशकांचा दीड ते दुप्पट डोस लागतो. आल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल मेंढीला किलोमागे ५ ते ७.५ मिलिग्रॅम, तर शेळीला १० मिलिग्रॅम. लेव्हामिसोल याला अपवाद समजा. त्याचाही शेळीचा डोस मेंढीपेक्षा जास्त असतो, पण योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार कमी. जास्त झालं तर लाळ गळते, अंग थरथरतं. ते डॉक्टरांच्या हातूनच.

वजन अंदाजानं धरू नका. ताणकाटा असेल तर उत्तम. नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजा, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर २७ आणि लांबी २४ इंच असेल तर २७ × २७ × २४ = १७,४९६, भागिले ६६० म्हणजे साडेसव्वीस किलो. आल्बेंडाझोल तिला २६५ मिलिग्रॅम लागेल. बाटलीवर २.५ टक्के लिहिलं असेल तर एका मिलीलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध, म्हणजे साडेदहा मिलीलिटर. १० टक्क्यांची बाटली असेल तर तेच औषध २.६ मिलीलिटरमध्ये येतं. टक्केवारी न वाचता 'बाटलीचं एक झाकण' असं पाजणं म्हणजे एकीला चौथाई डोस आणि दुसरीला चौपट.

पाजताना शेळीचं नाक डोळ्याच्या पातळीच्या वर नेऊ नका, ठसका लागून औषध फुप्फुसात जाईल. सुई नसलेली पिचकारी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून औषध जिभेच्या मागच्या भागावर सोडा. पुढे सोडलं तर अन्ननलिकेची घडी मिटून औषध कोठीपोटाला, म्हणजे पहिल्या मोठ्या कप्प्याला वळसा घालून थेट जठरात जातं, लवकर वाहून जातं आणि त्याचा परिणाम कमी होतो. आल्बेंडाझोलच्या गटातल्या औषधाआधी गाभण नसलेल्या, धडधाकट जनावराचा चारा १२ तास बंद ठेवला, पाणी मात्र ठेवलं, तर औषध कोठीपोटात जास्त वेळ टिकतं. गाभण, व्यायला झालेल्या आणि अशक्त शेळीला उपाशी ठेवू नका. गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात आल्बेंडाझोल टाळा, गर्भात व्यंग येऊ शकतं. दुभत्या जनावराला कुठलंही औषध देताना दूध किती दिवस वापरायचं नाही ते डॉक्टरांना विचारा आणि तेवढे दिवस दूध खरोखर बाजूला ठेवा.

पाच आकड्याची शेळी पकडायला पळवू नका, चार पावलांत कोसळते. तिला सावलीत ठेवा, चारा-पाणी तोंडाशी द्या. औषधानं जंत पडतात, गेलेलं रक्त येत नाही. ते यायला शेंगदाणा पेंड, शेवरी, सुबाभळीचा थोडा पाला असा प्रथिनांचा खुराक तीन-चार आठवडे लागतो. कडुनिंबाचा पाला, निंबोळी वगैरे लोक देतात. पाला म्हणून खायला घाला, पण फिकट शेळीवर निव्वळ त्याच्या भरवशावर राहू नका, तेवढा वेळ तिच्याकडे नसतो.

औषध लागू पडलं का, हे तपासायचं

हे काम जवळपास कुणी करत नाही, आणि याच्याशिवाय बाकी सगळं अंधारात बाण मारणं आहे. औषध द्यायच्या दिवशी दहा शेळ्यांच्या लेंड्या घ्या. जमिनीवरच्या नाही, थेट गुदद्वारातून, हातमोजा घालून, दहा-बारा लेंड्या प्रत्येकी. छोट्या प्लास्टिक पिशवीत घालून हवा काढून टाका, नंबर लिहा, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बाहेर राहिल्या तर एका दिवसात अंडी फुटतात आणि आकडा खोटा येतो. बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नका. बरोबर चौदाव्या दिवशी त्याच शेळ्यांच्या लेंड्या पुन्हा घ्या.

जवळच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा माफसूच्या (महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या) महाविद्यालयांत (परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, अकोला) कृमीशास्त्राचा विभाग असतो, तिथे तपासणीची चौकशी करा. बचत गटानं किंवा शेळीपालकांच्या गटानं सूक्ष्मदर्शक घेतला असेल तर गावातही जमतं. २ ग्रॅम लेंडी चुरून २८ मिलीलिटर मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवा (मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत जायचं), चहाच्या गाळणीतून गाळा आणि मॅकमास्टर काचेच्या (अंडी मोजायची, रेघा आखलेली काच) दोन्ही खणांत भरा. पाच मिनिटं थांबा. अंडी हलकी असतात, वर तरंगतात. दोन्ही खणांतल्या रेघांच्या आतली अंडी मोजून ५० नं गुणा, म्हणजे एका ग्रॅम लेंडीतली अंडी. आधीची सरासरी १,२०० आणि नंतरची ३०० आली, तर घट ७५ टक्के. ९५ टक्क्यांच्या खाली घट आली तर औषध हरतंय असं समजा. ते औषध त्या कळपात पुन्हा वापरण्याआधी डॉक्टरांशी बोला. बाटलीचं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही, गट बदलावा लागतो. आल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच घरातले भाऊ आहेत. यकृत कृमीची अंडी मात्र जड असल्यानं या पद्धतीत तळाला बसतात. 'अंडी दिसली नाहीत' म्हणजे यकृत कृमी नाही, असं कुणी म्हणालं तर मानू नका.

बाजारातून आणलेली शेळी पहिल्या दिवशी कळपात सोडू नका. ती दुसऱ्याच्या औषधाला सरावलेले जंत घेऊन येते. वेगळी बांधा, डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन वेगळ्या गटांतली औषधं पूर्ण डोसात द्या, चौदा दिवसांनी लेंडी तपासा आणि मग सोडा.

रानातलं काम

अंड्यापासून घातक अळी व्हायला किमान चार दिवस लागतात, आणि ती अळी खात नाही. या दोन गोष्टींवर कुरणाचं सगळं गणित उभं आहे. उष्ण आणि ओल्या हवेत तिची शिदोरी लवकर संपते. प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटावर शेळ्यांवर हेच करून पाहिलं गेलं. कुरणाचे दहा तुकडे, प्रत्येक तुकड्यात साडेतीन दिवस, म्हणजे पहिल्या तुकड्यावर परतायला ३५ दिवस. पहिल्या अळ्या तयार व्हायच्या आत शेळ्या पुढे सरकतात आणि परत येईपर्यंत बहुतेक अळ्या उपाशी मेलेल्या असतात. आपल्याकडे पावसाळ्यात जमीन कमी असली तरी चार-पाच तुकडे पाडून एका तुकड्यात तीन दिवसांच्या वर न राहणं जमतं. विश्रांती जितकी लांबेल तितकी चांगली. थंडीत मात्र अळी जास्त जगते, तेव्हा हा ३५ दिवसांचा हिशेब पुरत नाही.

ज्यांना गायरानावरच चारावं लागतं त्यांच्यासाठी: सकाळी दव वाळल्यावर कळप सोडा आणि पाणथळ, लुसलुशीत कडा टाळा. शेळी मुळात झाडाला तोंड लावणारी. बाभूळ, बोर, शेवरी, हादगा यांचा पाला गुडघ्याच्या वर असतो, तिथे अळी पोचत नाही. गवत चावत बसावं लागलं की ती मेंढीपेक्षाही लवकर हरते. कापून आणायचं असेल तर बुडापासून वीतभर उंचीवर कापा आणि थोडं सुकवून घाला. गोठ्यात लाकडी फळ्यांचा माचाण केला तर लेंड्या खाली पडतात आणि चारा गव्हाणीत राहतो. एवढ्यानं पावसाळ्यातला निम्मा त्रास कमी झालेला मी माझ्याच कळपात पाहिला.

म्हशीचं रेडकू: जंत दुधातून येतो

रेडकाला होणारा मोठा गोलकृमी, टॉक्सोकारा व्हिट्युलोरम, हा शेळीच्या जंतासारखा गवताची वाट पाहत नाही. गोठ्यातल्या मातीतली त्याची अंडी म्हैस गिळते. आतड्यात अळ्या निघतात, यकृतात, फुप्फुसात आणि इतर अवयवांत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं झोपतात. म्हशीला काहीही होत नाही, शेणातही अंडी सापडत नाहीत. ती व्यायला आली की अळ्या जाग्या होऊन कासेत उतरतात आणि चिकातून, पहिल्या काही दिवसांच्या दुधातून रेडकात जातात. तीन आठवड्यांत रेडकाच्या लहान आतड्यात पूर्ण वाढलेले, वीतभराहून मोठे, पिवळसर पांढरे जंत असतात आणि रोज लाखो अंडी गोठ्यात पडू लागतात. पुढच्या वेताची पेरणी तिथेच होते.

चीक बंद करायचा का? अजिबात नाही. चिकाशिवाय रेडकू दुसऱ्याच आजारांनी जाईल. चक्र तोडायची जागा पुढे आहे: जंत आतड्यात पोचलेत पण अंडी घालायला लागले नाहीत, ते दिवस. व्यायल्यापासून दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान पायरँटेल, पायपेराझिन किंवा डॉक्टर सांगतील ते औषध एकदा द्या. व्यायल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा आणि तिच्याशेजारीच औषधाचा दिवसही. महिन्यानं, पोट नगाऱ्यासारखं फुगल्यावर, मातकट रंगाचं घाण वासाचं संडास लागल्यावर औषध दिलं, तर एकदम मेलेल्या जंतांचा गुंता आतड्यात अडकून रेडकू दगावू शकतं. शिवाय तोवर गोठ्यात अंडी पडून गेलेली असतात. चार-पाच महिन्यांत हे जंत आपोआप पडून जातात, म्हणून लोक 'आपोआप बरं होतं' म्हणतात. तोपर्यंत जगलेल्या रेडकाची खुंटलेली वाढ मात्र कुणी मोजत नाही.

कुत्र्याचं पिल्लू: जन्माआधीच लागण

कुत्र्याच्या टॉक्सोकारा कॅनिसनं याच्याही पुढे मजल मारली आहे. मोठ्या कुत्रीच्या अंगात झोपलेल्या अळ्या गाभणपणाच्या साधारण ४२व्या दिवसानंतर वारेतून पिल्लांच्या यकृतात जातात. जन्मानंतर त्या फुप्फुसात येतात, पिल्लू खोकतं, अळ्या गिळतं, आणि तीन आठवड्यांचं होताच त्याच्या विष्ठेत अंडी दिसू शकतात. म्हणून पहिलं औषध दोन आठवड्यांचं झाल्यावर, मग चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात, त्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा. आईलाही पिल्लांसोबत औषध द्या. पिल्लाला एकदाच औषध देऊन भागत नाही, कारण औषधानं आतड्यातले जंत मरतात आणि अंगातून प्रवासात असलेले पुढच्या आठवड्यात येऊन पोचतात.

मांजरीत हा प्रकार थोडा वेगळा आहे: तिचा टॉक्सोकारा वारेतून नाही, दुधातून आणि खाल्लेल्या उंदरातून पोचतो. म्हणून मांजरीच्या पिल्लाचं वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यापासून धरलं तरी चालतं.

शेळ्यांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन गोठ्यातल्या कुत्र्याला टोचू नका. कुत्र्याचा डोस फार लहान असतो आणि कोली जातीच्या व तिच्या संकराच्या कुत्र्यांमध्ये जनुकातल्या एका दोषामुळे ते मेंदूत शिरतं, कुत्रं दगावतं.

घरात लहान मूल असेल तर हे पुढचं औषधाइतकंच महत्त्वाचं. ताजी अंडी लागण करत नाहीत, मातीत त्यांना किमान दोन आठवडे पक्व व्हायला लागतात. पक्व झालेली मात्र वर्षानुवर्षं टिकतात, फिनेलला किंवा ब्लीचिंगला दाद देत नाहीत. मुलाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही फिरतात, आणि डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे अंगणातली विष्ठा रोज उचला आणि पुरा. रोज उचलली तर अंडी पक्व व्हायच्या आतच जातात. वाळूच्या ढिगावर रात्री ताडपत्री टाका, मांजरं तिथेच जातात. मुलांचे हात जेवणाआधी साबणानं धुवा, अंगणातल्या वाफ्यातली मुळा-कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवा. ओल्या जागी कुत्रे बसतात तिथे अनवाणी चालू नका: कुत्र्याचा अंकुशकृमी थेट पायाच्या कातडीतून शिरतो आणि कातडीखाली नागमोडी लाल रेघ काढत सरकतो. तशी खाजरी रेघ पायावर दिसली, तर डॉक्टरांना दाखवताना घरातल्या किंवा गल्लीतल्या कुत्र्याचा उल्लेख जरूर करा.